जागा पयले कोनाची?

बास्केटबॉलच्या पंचाला सगळ्यांत जास्त बोलणी खावी लागतात ती एका निर्णयावरून. बॉल घेतलेली खेळाडू बास्केटकडे घुसते, समोर बचाव करणारी उभी असते, दोघी धडकतात, एक खाली पडते. शिट्टी वाजते. आता हा ब्लॉक की चार्ज? ब्लॉक दिला तर दोष बचाव करणारीचा. घुसणारी शॉट मारत असेल तर तिला दोन फ्री थ्रो, आणि बॉल आत गेला असेल तर बास्केट धरून वर आणखी एक. चार्ज दिला तर सगळंच उलटं. दोष घुसणारीचा, बॉल हातातून सुटायच्या आधी धडक झाली असेल तर बास्केट रद्द, बॉल दुसऱ्या संघाकडे. शिट्टी वाजून पंच खूण करेपर्यंत अर्धं मैदान कमरेवर दोन्ही हात ठेवून ओरडत असतं आणि उरलेलं अर्धं तळहातावर मूठ आपटत असतं.

या निर्णयापायी मी आता पुष्कळ वर्षं घालवली आहेत. शालेय स्पर्धा झाल्या, विद्यापीठाच्या झाल्या, राज्य पातळीवरच्या झाल्या. पण धडकेच्या वेळी माझी नजर जिथे लागलेली असते, तिथे ती माझी मी लावलेली नाही. ती लावून देणारी माणसं होती. त्यांचं देणं फिटण्यातलं नाही, पण निदान नोंदवून तरी ठेवावं म्हणून हे लिहिते आहे.

मी पंचगिरीकडे आले ती स्कोअररच्या टेबलावरून. नागपुरात कॉलेजात असताना खेळायचे, पण गुडघ्याच्या दुखण्यामुळे खेळ सुटला आणि ग्राउंड सोडवेना. तेव्हा थंडीतल्या स्पर्धांना टेबलावर बसायला माणसं लागायची. उघड्यावरचं सिमेंटचं कोर्ट, चार खांबांवर दिवे, स्वेटर घालून बसलेली आम्ही पोरं. स्कोअरशीट लिहायचं एक शिस्तीचं काम असतं. पहिला आणि तिसरा क्वार्टर लाल पेनाने, दुसरा आणि चौथा निळ्या नाहीतर काळ्या पेनाने. वैयक्तिक फाऊल झाला की खेळाडूच्या नावासमोर ‘पी’, आणि त्यावर फ्री थ्रो मिळाले असतील तर ‘पी’च्या शेजारी आकडा. चार्ज असेल तर घुसणारीच्या नावासमोर नुसता ‘पी’. तिच्या संघाकडे बॉलचा ताबा असताना तिने केलेला फाऊल म्हणून त्यावर फ्री थ्रो नसतात, तिच्या संघाचे चार फाऊल भरलेले असोत की नसोत. ब्लॉक असेल तर दुसऱ्या संघाच्या रकान्यात ‘पी’ आणि फ्री थ्रो मिळाले तर पुढे त्यांचा आकडा. एवढ्या आरडाओरड्यातून कागदावर उतरतं ते एवढंच.

भाऊंना मी प्रथम पाहिलं ते या टेबलावरून. अजनीच्या रेल्वे कॉलनीत राहायचे, रेल्वेतच नोकरी. पन्नाशी उलटलेली, करडी पँट, इस्त्रीचा शर्ट, आणि शिट्टी ओठांत असूनही क्वचितच वाजणारी. फाऊल सांगायला टेबलाकडे यायचे ते पळत नाही आणि रमतगमतही नाही. समोर येऊन थांबायचे, बोटांनी नंबर दाखवायचे, मग खूण, मग पुढे काय ते. आम्ही लिहून मान वर करेपर्यंत हलायचे नाहीत. मला मात्र वेगळंच काहीतरी खटकायचं. कुणी ड्राईव्ह घेऊन घुसली की सगळ्या मैदानाची मान बॉलबरोबर फिरायची. भाऊंची फिरायची नाही. ते बॉल नसलेलीकडे बघत असायचे, आणि तेही खाली. एकदा चहाच्या वेळेला मी विचारलंच, “भाऊ, तुम्ही बॉल पाहतच नाही का?”

“बॉल पाहाले पब्लिक हाये,” ते म्हणाले. “तू पाय पाह्य, पोरी.”

त्या रात्री सामने संपल्यावर त्यांनी मला थांबवलं. दिवे अजून चालू होते, खुर्च्या गोळा करणारा मुलगा यायचा होता. दोन खेळणाऱ्या मुलींना त्यांनी बोलावलं आणि एकीला बॉल घेऊन बास्केटकडे यायला सांगितलं, पण चालत, अगदी सावकाश. दुसरी वाटेत उभी. मला त्यांनी बास्केटखालच्या रेषेच्या बाहेर, लीड पंच असतो तिथे उभं केलं. “काय दिसतं?” मला एकीची पाठ दिसत होती, आणि तिच्याआड सगळंच. त्यांनी माझा खांदा धरून मला दोन पावलं बाजूला सरकवलं. आता दोघींच्या मधली फट दिसायला लागली. ती फट बंद होते त्या क्षणाला धडक म्हणायचं, आणि बंद कुणी केली एवढंच पंचाने पाहायचं. मग ते विचारत राहिले आणि त्या मुली चालत राहिल्या, पुन्हा, परत पुन्हा. “मले सांग, जागा पयले कोनाची? ते पोट्टी कवा उडाली? त्यावेळी हिचे पाय कुठं होते?”

नियम काही फार अवघड नाही. बचाव करणारीने बॉल असलेलीसमोर तोंड करून, दोन्ही पाय जमिनीला टेकवून जागा घेतली पाहिजे, आणि ती घेताना धक्का लागता कामा नये. एकदा जागा मिळाली की ती बाजूला सरकू शकते, मागे जाऊ शकते, जागच्या जागी वर उडी मारू शकते. सरकताना क्षणभर पाय उचललेला असला तरी चालतो. पुढे, समोरचीच्या अंगावर मात्र जाता येत नाही, आणि हात, खांदा, कंबर किंवा पाय बाहेर काढून वाट अडवता येत नाही. धडक धडावर बसली पाहिजे. मार सोसायला अंग जरा वळवून घेतलं तर तेवढ्याने तिची जागा जात नाही. बॉल असलेलीला ‘मला थांबायला वेळ मिळाला नाही, अंतर नव्हतं’ असं म्हणता येत नाही. बॉल घेतला म्हणजे समोर कुणीतरी येणार हे तिने धरूनच चालायचं. बॉल नसलेलीला मात्र थांबायला किंवा वळायला पुरेल एवढं अंतर द्यावं लागतं.

आणि उडीचा नियम. भाऊ एरवी हळू बोलायचे, पण इथे त्यांचा आवाज चढायचा. घुसणारीचे पाय जमिनीवरून सुटायच्या आधी बचाव करणारी जागेवर पोचलेली असली तरच ती जागा तिची. पाय सुटल्यानंतर वाटेत शिरली तर तो ब्लॉक, मग ती नंतर खांबासारखी निश्चल का उभी राहीना. “हवेत गेलेल्याले ब्रेक नसते,” ते म्हणायचे. सिमेंटवर पाठीवर पडलेली मुलं त्यांनी पाहिली होती. हा नियम त्यांच्यासाठी गुणांचा नव्हताच, तो मणक्याचा आणि मनगटाचा होता.

बाकाजवळून ओरडल्या जाणाऱ्या निम्म्या गोष्टी या नियमाला धरून नसतात. ‘हलली, हलली!’ हा सगळ्यांत आवडता आक्षेप. हलायची तिला परवानगी आहे, ती कुठल्या दिशेला हलली हा प्रश्न. दुसरा गैरसमज असा की जी मागे पडली तिच्यावर अन्याय झाला. पडण्यावरून काहीच सिद्ध होत नाही, आणि पडून दाखवायची सवय लागलेल्या खेळाडूला ती वेळीच सोडायला लावणं हेही पंचाचं काम आहे. भाऊंना सगळ्यांत जास्त चीड होती ती भरपाईच्या शिट्टीची. एकीकडे चुकीचा फाऊल दिला म्हणून पाच मिनिटांनी दुसरीकडेही एक द्यायचा, म्हणजे दोन्ही कोच गप्प. एका वयस्क पंचाला त्यांनी यावरून सगळ्यांदेखत नाही, पण टेबलामागे नेऊन खडसावलेलं मी ऐकलं आहे. “पोरी उद्या पुन्हा खेळतीन. त्याह्यले काय शिकवलं तुम्ही?”

भाऊंना हे कुणी शिकवलं? तरुणपणी रेल्वेच्या नोकरीत काही वर्षं ते मुंबईत होते आणि संध्याकाळी नागपाड्यात जायचे. नागपाडा म्हणजे मुंबईच्या बास्केटबॉलचं माहेर. तिथल्या अब्बास मुंतसिर यांना 1970 सालचा अर्जुन पुरस्कार मिळाला. त्यांचं खेळणं सांगायला लागले की भाऊ खुर्चीवरून उठायचे, हातात नसलेला बॉल धरून दाखवायचे. तिथल्याच एका म्हाताऱ्या पंचांनी त्यांना फट पाहायला लावली. त्यांचा मी चेहराही कधी पाहिलेला नाही, तरी त्यांच्या दोन पावलांवर मी रोज उभी असते. त्या वस्तीतलं नागपाडा नेबरहूड हाऊस 1920च्या दशकात अमेरिकन मराठी मिशनने उभारलं. तेच मिशन, ज्याची माणसं 1813 मध्ये मुंबईत उतरली आणि ज्याचं नाव अहमदनगरकडच्या लोकांना अजून ठाऊक आहे. नेबरहूड हाऊस चालवणारे क्लिफर्ड मॅन्शार्ट पुढे 1936 मध्ये सुरू झालेल्या, आज टाटा समाजविज्ञान संस्था म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संस्थेचे पहिले संचालक झाले. गल्लीतल्या पोरांना कोर्ट मिळावं यामागे अशी माणसं होती, हे मला भाऊंमुळे कळलं.

आणखी मागे जायचं तर 1891 च्या डिसेंबरात, मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डला जेम्स नेस्मिथने हा खेळ रचला तोच मुळी धसमुसळेपणा टाळायला. बॉल घेऊन पळायचंच नाही, म्हणजे पळणाऱ्याला पाडायचं कारण उरत नाही, असा त्याचा हिशोब होता. त्याच्या 13 नियमांतला पाचवा खांद्याने रेटणं, धरणं, ढकलणं, पाय घालणं यांना बंदी घालतो. पण मला त्याहून मोलाची वाटते ती दुसरी तरतूद. त्याने दोन अधिकारी नेमले होते. एकाने माणसांवर लक्ष ठेवून फाऊल नोंदवायचे, दुसऱ्याने बॉलचा निवाडा करायचा. खेळ जन्मला तेव्हापासूनच बॉलकडे न बघणारा एक माणूस मैदानावर लागत होता. हे मी पुढे कधीतरी वाचलं आणि लगेच अजनीला फोन लावून भाऊंना सांगितलं. त्यांना फार आनंद झाला. त्यांनी ते मला दोनदा सांगायला लावलं.

दुसरं देणं एका मुलीचं आहे. ती यवतमाळकडून यायची. संघात सगळ्यांत बुटकी, शॉट बेताचा, त्यामुळे गुणांच्या रकान्यात तिच्या नावापुढे फारसं काही नसायचं. पण दुसऱ्या संघाची धिप्पाड सेंटर घुसायला लागली की ही मदतीला सरकायची, पाय रोवायची, हात छातीशी घ्यायची आणि मार अंगावर घ्यायची. तिच्या दोन्ही कोपरांची साल सदा सोललेली असायची. बऱ्याच पंचांना तिचं सरकणं दिसायचं आणि पाय टेकलेले दिसायचे नाहीत. मग ब्लॉक. तिच्यासारखीच्या बाबतीत ब्लॉक देणं सोपंही असतं. बास्केट झाली की प्रेक्षक खूश होतात, आणि बुटक्या मुलीने मोठ्या मुलीला अडवलं हे कुणाला पटकन खरंही वाटत नाही.

एका उपांत्य सामन्यात, शेवटच्या दोनेक मिनिटांत, अशीच धडक झाली. भाऊ लीडला होते. मी निळं पेन हातात धरून बसले होते. दोघी खाली. बॉल रिंगवर फिरून आत गेला आणि गर्दी उठून उभी राहिली. भाऊंनी मूठ वर केली. मग लगेच काहीच केलं नाही. एक श्वास घेतला असेल. आणि वळून ती मूठ सरळ समोरच्या बास्केटकडे रोखली. बास्केट रद्द. ती मुलगी अजून खालीच होती. तिने आनंदाने उडी वगैरे मारली नाही. उठून बसली, कोपर पाहिलं, त्यावर फुंकर घातली आणि बचावाच्या जागेवरून हल्ल्याच्या जागेवर पळाली. मी सेंटरच्या नावासमोर ‘पी’ लिहिला. या मुलीच्या नावासमोर लिहायला काहीही नव्हतं. स्कोअरशीटमध्ये तसा रकानाच नाही. त्या रात्री मी ठरवलं की टेबल सोडायचं आणि पंचाची परीक्षा द्यायची. असा फाऊल आठ वेळा अंगावर घेऊन आठही वेळा ब्लॉक मिळाला तर नवव्या वेळी ती मुलगी बाजूला होणार, आणि मग या खेळात फक्त उंच आणि ताकदवान माणसांचं राज्य उरेल. मला त्याची काळजी तेव्हाही होती, आजही आहे.

परीक्षा झाली. रात्रीचे सामने, शेवटची बस निघून गेलेली, घरून परवानगीची ओढाताण. हा सगळा गुंता वहिनींनी, भाऊंच्या पत्नींनी, काही न बोलता सोडवला. माझ्या आईला भेटायला त्या स्वतः आल्या. त्यानंतर उशिराचा सामना असला की माझं अंथरूण त्यांच्या पुढच्या खोलीत असायचं आणि ओट्यावर ताट झाकून ठेवलेलं असायचं. पिठलं, भाकरी, तेलात कालवलेलं तिखट. भाऊ आणि मी जेवता जेवता त्या दिवशीची एकेक धडक उकरत बसायचो. वहिनी आतून विचारायच्या, “झाली का नाही अजून तुमची मॅच?”

2010 च्या ऑक्टोबरपासून फिबाने, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाने, कोर्टावरच्या रेषा बदलल्या. बास्केटसमोरचा खाली रुंद होत जाणारा पट्टा जाऊन 4.9 मीटर रुंदीचा सरळ आयत आला, तीन गुणांची रेषा 6.25 वरून 6.75 मीटरवर गेली, आणि बास्केटखाली एक नवा अर्धवर्तुळाकार भाग आला. या अर्धवर्तुळात पाय असलेल्या बचावपटूला, हवेतून येणाऱ्या बॉलधारकाने धडक दिली तर चार्ज मिळत नाही. बास्केटच्या अगदी खाली जाऊन उभं राहायचं आणि वरून उतरणाऱ्याला पाडायचं, हा प्रकार बंद व्हावा म्हणून. एनबीएने अशी कमान 1997 पासून आखली होती, तिथे तिची त्रिज्या 4 फूट. फिबाची 1.25 मीटर. भाऊंना ती मनापासून पटली. ते तेव्हा मैदानावरून निवृत्त झाले होते, पण आमच्या कोर्टावर त्या रेषा उतरवायचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलं.

नियम सांगतो की मोजायचं ते रिंगच्या मध्याच्या बरोबर खालच्या बिंदूपासून. तो बिंदू सापडवायचा कसा? भाऊंनी गवंड्याकडून ओळंबा आणला होता. रिंगवर दोन दोरे एकमेकांना छेदतील असे ताणून बांधले, छेदावरून ओळंबा सोडला, आणि आम्ही सगळे तो हलायचा थांबायची वाट पाहत बसलो. वारा होता. तो थांबत आला की पुन्हा झुळूक यायची. शेवटी दोघांनी चादर आडवी धरली. खडूची खूण झाली. मग शेवटच्या रेषेपासूनचं अंतर मोजलं. ते 1.575 मीटर यायला हवं होतं, आमचं दोन बोटं जास्त भरलं. म्हणजे बोर्डाचा खांब कित्येक वर्षं पुढे कललेला होता आणि कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. कुणीतरी म्हणालं, रेषेवरून मोजू आणि आखून टाकू, कोण बघतंय. भाऊ उठलेच नाहीत. दुसऱ्या दिवशी वेल्डिंगवाल्याला बोलावून खांब सरळ केला, ओळंबा पुन्हा सोडला, आणि मग खिळ्याला दोरी बांधून 1.25 मीटरवर कमान फिरवली. तिच्या दोन्ही टोकांना 37.5 सेंटिमीटरच्या सरळ रेषा, शेवटच्या रेषेपासून 1.20 मीटरवर थांबणाऱ्या. पांढरा रंग, 5 सेंटिमीटर जाड. मी टेप धरत होते आणि भाऊ गुडघ्यावर बसून ब्रश ओढत होते. रंग वाळेपर्यंत त्यांनी कुणाला कोर्टावर पाऊल ठेवू दिलं नाही.

आता मी नव्या पंचांची शिबिरं घेते. व्हिडिओ दाखवते, एक धडक थांबवून थांबवून दाखवते, पण पहिला तास कोर्टावरच असतो. दोन मुलं चालत येतात, आणि शिकणाऱ्याचा खांदा धरून मी त्याला दोन पावलं सरकवते. मुलं विचारतात की एवढं सगळं अर्ध्या सेकंदात कसं पाहायचं. मी त्यांना सांगते की अर्ध्या सेकंदात पाहायचं नसतंच. घुसणारीने पहिला ड्रिबल टाकला तेव्हाच तुम्ही बचाव करणारीला गाठलेलं असलं पाहिजे. ती कुठून आली, पाय कधी टेकले, हे धडकेच्या आधीच पाहून झालेलं असतं. धडक झाल्यावर मान वळवणाऱ्याला फक्त पडलेल्या दोन व्यक्ती दिसतात. शिट्टी जरा उशिरा वाजली तरी चालेल.

भाऊ आता पंचाहत्तरीच्या घरात आहेत. गुडघे गेले, ग्राउंडवर येणं होत नाही. नातवाने मोबाईलवर सामने लावून द्यायला सुरुवात केल्यापासून मात्र माझा एकही सामना त्यांच्या नजरेतून सुटत नाही. मागच्या महिन्यात रात्री साडेदहाला फोन आला.

“तिसऱ्या क्वार्टरातला तो चार्ज. पाय टेकले होते पोट्टीचे, बरोबर दिला. पण तू लई आत उभी होती. फट कशी दिसली तुले?”

“सरकले होते भाऊ, कोपऱ्याकडे. ड्राईव्ह सुरू झाला तेव्हाच.”

“कॅमेऱ्यात नाही आलं ते.”

“कॅमेरा बॉलवर होता.”

“हां,” ते म्हणाले. मागून वहिनी काहीतरी बोलल्या, बहुधा झोपायचं. “बरं, उद्या कोनाची मॅच हाये?”